बादलीतले टमाटे: रोज पाणी घालूनही झाड मान टाकतं, तळाला गिट्टी टाकू का?

पूर्णाकाठ
राम राम मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे पक्का खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणी खारं. वावरात कपाशी-तूर असते, पण घरच्या भाजीपुरते टमाटे यंदा स्लॅबवर लावलेत. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या, वावरातली काळी माती, त्यात निम्मं शेणखत. रोपं सप्टेंबरच्या शेवटी लावली, आता फुलांवर आली आहेत.

रोज सकाळी दोन-दोन गडवे पाणी घालतो. पाणी बोअरचं, कारण नळ कधी येईल ते नळालाच माहीत. तरी दुपारी झाडं मान टाकतात, खालची पानं पिवळी पडून गळतात. वरची माती सुकून भेगाळते, पण बोट खुपसलं तर आत चिखल. बादलीच्या काठावर पांढरा थरही बसतोय.

भोकं किती, केवढी आणि कुठं पाडावी? तळाला गिट्टी टाकावी का? साळेबुवा म्हणतात चार बोटं गिट्टी टाका. आई म्हणते झाड तहानलंय, पाणी वाढव. बायको म्हणते बाजारातून किलोभर आण आणि गप बस. कोणाचं ऐकू?

ठेचाभाकर
बायकोचं. धागा संपला, सगळ्यांनी जेवून घ्या.

जुना_माळी
साळेबुवा बरोबर आहेत. आमच्या वडिलांपासून कुंडीत आधी गिट्टी, मग रेती, मग माती. पाणी खाली निथळायला जागा नको का? गिट्टी नसली की माती भोकात बसते आणि भोक बुजतं. इतकी साधी गोष्ट आहे.

सांदवाडी
भाऊ, म्या त भोकावर कवेलूचा, म्हंजे कौलाचा, तुकडा उबडा ठेवतो, बस. गिट्टी-बिट्टी काई नाई. कवेलू असा ठेवजो का त्याची पाठ वर आली पाह्यजे, मंग पानी बाजूनं सरकते अन् माती अडते. आता गावात कवेलूचे घरंच राह्यले नाईत, पन जुन्या घराच्या ढिगाऱ्यात भेटतात अजून. नाई भेटले त नारळाच्या शेंड्या कोंबजो.

तुमच्या आईले सांगजो का झाड तहानलं नाई, बुडून राह्यलं.

मातीमास्तर
सांदवाडी काकूंनी शेवटच्या ओळीत निदान करून टाकलंय. मी फक्त कारण सांगतो. नोकरीभर मातीचे नमुने तपासले, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

गिट्टीचा समज फार जुना आणि फार चुकीचा. बारीक मातीचे कण पाणी धरून ठेवतात. त्यांच्याखाली एकदम मोठ्या पोकळ्यांचा थर आला, तर पाणी त्या पोकळीत आपणहून उडी मारत नाही. वरच्या मातीचा तळ पूर्ण भिजून गच्च होईपर्यंत ते तिथंच अडून राहतं. म्हणजे बादलीच्या तळाशी जो चिखलाचा थर असतो, तो गिट्टी टाकल्यानं जात नाही, चार बोटं वर सरकतो. मुळांच्या अजून जवळ येतो. वर मातीची जागा गेली ती वेगळीच.

खात्री करायची असेल तर भांडी घासायचा चौकोनी स्पंज घ्या. पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. मग तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. तळाशी अडकणाऱ्या पाण्याच्या थराची जाडी मातीच्या जातीवर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. म्हणून पसरट घमेल्यात टमाटा सडतो आणि त्याच मातीत उंच बादलीत जगतो. गिट्टी टाकून आपण उंच बादलीचं घमेलं करतो.

ठेचाभाकर
मास्तर, स्पंज उभा धरून पाहिला. पाणी गळलं. बायको म्हणाली, हातात आलाच आहे तर गंज-पातेलीही घासून टाका.

संत्राबर्फी
+१ मास्तर. मोठ्या नर्सऱ्यांत पिशव्यांच्या तळाला कोणी गिट्टी टाकताना दिसत नाही. मिश्रणच भुसभुशीत ठेवतात.

जुना_माळी
मास्तर, तुमचं शास्त्र खरं असेल. पण आमची शेवंती, गुलाब, मोगरा काय हवेवर जगले? गिट्टीवरच ना?

मातीमास्तर
जगले ते गिट्टीमुळे नाही, तुमच्या हाताच्या अंदाजामुळे. तुम्ही कुंडी ठोकून, उचलून पाणी देणारे. ज्याला पाणी कधी द्यायचं ते कळतं, त्याची झाडं कशातही जगतात. शिवाय तुमच्या कुंड्या मातीच्या. मातीची कुंडी अंगानं पाणी सोडते, रंगाची बादली थेंब सोडत नाही. आणि भोक बुजू नये हा तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. त्याला काकूंचा कवेलू किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा पुरतो.

जुना_माळी
मोगऱ्याची गिट्टी मी काढणार नाही. टमाट्याचं तुम्ही बघून घ्या.

धानपट्टी
भंडाऱ्याकडून नमस्कार. आमच्याकडे पाऊस तुमच्या दीडपट, आणि भेदरं, म्हणजे टमाटे, तरी कुंडीत होतात. फरक मातीच्या मिश्रणाचा आहे. वावरात काळ्या मातीसारखी माती नाही, कबूल. पण तिथं तिला खोली असते, भेगांतून हवा आत जाते. बादलीत तीच माती भिजली की फुगते आणि हवा बंद, सुकली की आकसून बादलीच्या भिंतीपासून सुटते. मग तुम्ही ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. वरून वाटतं झाड पाणी प्यायलं, प्यायली फट.

आमचं मिश्रण असं: गाळाची किंवा तांबूस माती एक घमेलं, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत एक घमेलं, आणि धानाची तुसं एक घमेलं. राइस मिलमध्ये तुसांचा डोंगर पडलेला असतो. अर्धवट जळकी, काळी तुसं मिळाली तर उत्तम, लवकर कुजत नाहीत. कच्ची तुसं कुजताना नत्र ओढतात, त्यामुळे खत थोडं जास्त लागतं.

तुमच्याकडे तुसं कुठली, पण कोकोपीट मिळेल. पाच किलोची वीट भिजवून साधारण ७० लिटर होते. एकच गोष्ट पाळा, कोकोपीट पूर्ण सुकू देऊ नका. एकदा सुकलं की पाणी झिडकारतं, मग बादली परातीत ठेवून खालून पाजावं लागतं.

पऱ्हाटी
कोकोपीटचा खर्च कशाला? पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जाळून कोळसा करा, कुटून टाका. कपाशीच्या मुलखात फुकट माल आहे. पूर्ण राख होऊ द्यायची नाही, कोळसा असतानाच पाणी मारायचं. आणि वर आच्छादन म्हणून सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, तीन बोटं. भेगाळणं तिथंच थांबतं.

मातीमास्तर
कोळसा चालेल, पण राख नको. आपल्या जमिनी आधीच चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या आसपास. राखेनं तो अजून चढतो.

वांदरसेना
सगळं शास्त्र ठीक आहे हो. टमाटा लाल झाल्यावर पहिला हक्क कोणाचा, ते ठरलं का? आमच्या स्लॅबवर वांदरांचा मोर्चा येतो. पिकलेला खातात, हिरवा चावून फेकतात, आणि जाताना बादली लोटून बघतात आत अजून काही आहे का. निचऱ्याची सर्वांत जलद पद्धत तीच.

संत्राबर्फी
खिक्क! आमच्या मामांकडे मेळघाटाच्या पायथ्याशी जुन्या मच्छरदाण्या बांधतात. वांदर मच्छरदाणी घेऊन जातं.

सांदवाडी
लाल व्हायची वाट कायले पाहता? रंग फिरला का तोडून घरात ठेवजो, दोन-चार दिवसात पिकते. अन् हिरव्या भेदऱ्याची चटणी करजो. भेदरं तेलात परतून, तीळ, भाजले शेंगदाणे, लसन, हिरवी मिरची, पाट्यावर जाडंभरडं. वांदराले हे माईत नाई म्हून ते अजून वांदर हाय.

पूर्णाकाठ
काकू, चटणी आजच होणार. मास्तर, आता भोकांचं सांगा. मी सळई तापवून तळाला मधोमध एक भोक पाडलंय, करंगळीएवढं. बादल्या थेट स्लॅबवर आहेत.

मातीमास्तर
मधोमध एकच भोक आणि बादली सपाट स्लॅबवर, म्हणजे बाटलीला बूच लावल्यासारखं. रंगाच्या बहुतेक बादल्यांचा तळ मधे किंचित उचललेला असतो, पाणी कडेला साचतं. भोक मधे, पाणी कडेला. भेट कशी होणार?

तळाला कडेच्या बाजूनं सहा ते आठ भोकं, प्रत्येक साधारण १० मिलिमीटरची. शिवाय बाजूच्या भिंतीला, तळापासून बोटभर उंचीवर तीन-चार. तळाची बुजली तरी ती चालू राहतात. आणि बादली दोन विटांवर उचला, खालून हवा गेली पाहिजे. झाडं न उपटता आज दुपारीच होण्यासारखं काम आहे. सळई मुळांत खोल घुसवू नका, भिंत फुटली की थांबा.

मोर्शीवाला
इथं एक सांगून ठेवतो. कोणी फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, ड्रम वापरत असेल तर कृपा करून नको. कितीही धुतले तरी नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते सगळ्यांना आठवत असेल. खाण्याच्या झाडाला ते भांडं नाहीच. तेलाचा पिपा, पिठाचा डबा, खताची पोती स्वच्छ करून, काहीही चालेल.

पऱ्हाटी
हे वेगळा धागा काढून वर लावायला हवं.

खारेपाणी
अकोल्याकडचा खारपाणवाला बोलतोय. सगळे निचऱ्यावर बोलताहेत, पण पूर्णाकाठ भाऊंनी सुरुवातीलाच लिहिलेला पांढरा थर कोणी धरला नाही. अर्धं दुखणं तिथं आहे.

बोअरच्या पाण्यात मीठ आहे. झाड पाणी पितं, मीठ मागे ठेवतं. वाफेनं पाणी जातं, मीठ राहतं. वावरात निदान पावसाळ्यात थोडं तरी धुऊन खाली जातं. बादलीत रोज दोन गडवे ओतले आणि खालून थेंब बाहेर आला नाही, तर सगळं मीठ बादलीतच. माती ओली असूनही मुळाला पाणी ओढता येत नाही, झाड दुपारी मान टाकतं. आईंना ते तहानलेलं दिसलं त्यात त्यांची चूक नाही, दिसायला तसंच दिसतं.

दुसरं, आपल्या पाण्यात सोडियम जास्त. सोडियमनं काळ्या मातीचे कण एकमेकांना सोडतात, ढेकूळ विरघळून लगदा होतो आणि आहेत त्या पोकळ्याही बुजतात. म्हणजे खाऱ्या पाण्यानं निचरा बिघडतो आणि निचरा बिघडला म्हणून मीठ साचतं. एकमेकांना धरून फिरतात दोघं.

टमाटा मिठाला मध्यम नाजूक. पाण्याची क्षारता १.७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत सहन करतो, पुढं उत्पन्न घसरायला लागतं. पाण्यातले एकूण क्षार मोजणारं पेनासारखं टीडीएस मीटर मिळतं, त्यावर हा आकडा साधारण ११०० येतो. हेही वावराचे हिशोब, बादलीत मीठ लवकर चढतं.

पूर्णाकाठ
गावातल्या पाण्याच्या आरओ प्लांटवाल्याकडे मीटर आहे. उद्या मोजून आणतो. त्याच्याकडे फेकायचं पाणीही भरपूर निघतं, ते फुकट देईल. वापरू का?

खारेपाणी
अजिबात नको! आरओचं फेकलेलं पाणी म्हणजे तुमच्याच बोअरचं पाणी, पण मीठ अजून घट्ट झालेलं.

संत्राबर्फी
मग कूलरचं? उन्हाळ्यात टाकीतलं उरलेलं पाणी आम्ही झाडांनाच टाकतो.

खारेपाणी
तेच. कूलर शुद्ध पाणी हवेत उडवतो, मीठ टाकीत ठेवतो. ताटीच्या गवतावर पांढरे खडे जमतात ते काय असतं मग? तुमचं पाणी गोडं असेल तर चालून जाईल, आमच्याकडं नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र वाफेचं, त्यात मीठ नसतं. पण ते गावात कोणाकडे, आणि निघतं किती?

ठेचाभाकर
सरपंचाकडे एसी आहे. टमाटे तिकडंच न्या.

काकडीवाली
मला वेगळाच त्रास आहे. झाडं हिरवीगार, फळं धरतात, पण फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग. सगळे म्हणतात कॅल्शियम कमी. अंड्याची टरफलं टाकली, चुन्याची निवळी टाकली. काही नाही. आता कोणी एप्सम सॉल्ट सांगतंय.

मातीमास्तर
ताई, एप्सम सॉल्ट ठेवा बाजूला. त्यात मॅग्नेशियम आहे, ते कॅल्शियमशी स्पर्धा करतं, डाग वाढू शकतो. विदर्भाच्या काळ्या मातीत कॅल्शियमची टंचाई सहसा नसते, चुनखडी तर डोळ्यांना दिसते. अडचण ते फळापर्यंत पोचण्याची. कॅल्शियम पाण्याबरोबर चढतं, आणि जिकडून जास्त वाफ उडते तिकडं जास्त जातं. पानांतून वाफ भरपूर, फळातून थोडी. एक दिवस कोरडं, एक दिवस तळं, असं झालं की आधी फळ उपाशी राहतं. मीठ जास्त असलं किंवा मुळं चिखलात गुदमरली, तरी तेच. हा रोग नाही, पसरत नाही. डागाळलेली फळं काढून टाका आणि पाणी नेमानं द्या. पुढची फळं चांगली येतील. फळं तडकतात तेही यातूनच, कोरड्यानंतर एकदम पाणी.

काकडीवाली
नेमानं म्हणजे रोज किती? आकडा सांगा ना.

धानपट्टी
आकडा ठरवून दिला की माणूस मातीकडे बघत नाही. तरी अंदाज हवा तर २० लिटरच्या बादलीतल्या पूर्ण वाढलेल्या झाडाला डिसेंबरात लिटर-दीड लिटर, मार्चात ऊन चढलं की तीन-चार लिटर. पण आधी दोन पेरं बोट घाला. ओलं लागलं तर नको. सुकं लागलं तर खालून पाणी निघेपर्यंत हळूहळू द्या, थोडं थांबून पुन्हा. सकाळी दिलेलं बरं. बादली थोडी कलती करून वजन पाहिलं तरी हाताला कळायला लागतं. रोज सवयीनं गडवा ओतणं हेच बंद करा.

आणि दुपारी दोनला मान टाकलेलं झाड बघून पाणी घेऊन धावू नका. सांजच्याला बघा. तेव्हा उभं झालं असेल तर ते फक्त ऊन चुकवत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही मान खालीच, आणि माती ओली, तर मुळात गडबड.

मोर्शीवाला
यात एक भर. झाड हिरवंच असताना एकाएकी कोमेजलं, पिवळंही पडलं नाही, तर बुडाशी खोड कापून तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लटकवून धरा. काही मिनिटांत दुधासारखी धार उतरली तर तो जिवाणूचा मर रोग. मग निचरा सुधारून ते झाड वाचत नाही. झाड काढा, आणि ती माती दुसऱ्या टमाटे-वांग्यांना वापरू नका. पुढच्या वर्षी बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक हे टमाट्याचं वाण लावून बघा, त्यात या मर रोगाला प्रतिकार आहे.

पूर्णाकाठ
अपडेट. बोअरचं पाणी मीटरवर १९०० दाखवतं. खोडाचा प्रयोग केला, धार आली नाही. तळाला कडेनं भोकं पाडल्याबरोबर एकेका बादलीतून काळपट, आंबूस वासाचं पाणी बराच वेळ निघत राहिलं. आई स्वतः बघायला वर आली होती. आता झाडं नव्या मातीत हलवू की आहेत तिथंच ठेवू? फुलं खूप आहेत.

मातीमास्तर
फुलांवरचं झाड उपटू नका, मुळं तुटून फुलं झडतील. विटांवर ठेवा आणि आठवडाभर बोट सांगेल तेव्हाच पाणी द्या. आधी मुळांना श्वास घेऊ द्या. नवी पांढरी मुळं फुटली की झाड स्वतः सांगेल, शेंड्याला ताजी पानं दिसतील. पिवळी झालेली पानं काही परत हिरवी होत नाहीत, ती काढून टाका.

खारेपाणी
१९०० म्हणजे टमाट्याच्या मर्यादेच्या बरंच पुढं. नळाचं पाणी येईल त्या दिवशी ड्रम भरून ठेवा आणि रोजचं पाणी त्यातलं द्या. पुरलं नाही तर निम्मं नळाचं, निम्मं बोअरचं. हे मिश्रणही थोडं खारट राहील, म्हणून दर वेळी थोडं पाणी खालून निघालंच पाहिजे. झाडं सावरली की एकदा नुसत्या गोड्या पाण्यानं माती धुऊन काढा, बादलीच्या मापाच्या दीड-दोनपट, हळूहळू. त्यात खतही वाहून जातं, मागून थोडं गांडूळ खत द्या. निघालेलं पाणी गोळा करून परत झाडांना घालू नका, स्लॅबवरून जाऊ द्या. पुढच्या पावसाळ्यात टिनाच्या पन्हाळीखाली ड्रम लावा. पावसाच्या पाण्यासारखं पाणी नाही.

एक नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात तपासून घ्या. मीटर फक्त एकूण क्षार सांगतं, त्यात सोडियम किती ते सांगत नाही.

पूर्णाकाठ
पाच-सहा बादल्या रिकाम्या आहेत, त्यात धानपट्टी भाऊंच्या मिश्रणानं नवी रोपं लावू का? की उशीर झाला?

धानपट्टी
तयार रोप मिळालं तर आठ दिवसांत लावून टाका. मार्च संपता संपता तुमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो, रात्रीही गार होत नाहीत. फुलं येतात आणि झडतात, फळ धरत नाही. त्याआधी जे धरलं ते आपलं. रोप लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. बादली काठापर्यंत भरा, दोन बोटं सोडून. अर्धी भरलेली बादली म्हणजे परत घमेलंच.

काकडीवाली
लग्नाला चार दिवस जायचंय. सलाईनच्या बाटल्या उलट्या टांगून ठिबक केलं तर चालेल?

पऱ्हाटी
चालेल. बाटली नवीन किंवा घरातल्याची स्वच्छ धुतलेली, सुई काढलेली. जाण्याच्या दोन दिवस आधी लावून बघा, चाक कितीवर ठेवलं की किती वेळात संपते ते. नळीत कचरा अडकतो, तोंडाला फडक्याची चिंधी बांधा. आणि कुटार विसरू नका.

वांदरसेना
बाटल्या टांगल्या तर फोटो टाका. आमच्याकडची मंडळी सलाईन लावलेलं झाड कसं खातात ते मलाही बघायचंय.